पाकिटातलं कारण : कोझिकोडच्या ‘मीडिया वन’ची कहाणी आणि आपण

बोर्डाच्या परीक्षेत आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी एक छोटासा विधी पार पाडतो. प्रश्नपत्रिकेचं सीलबंद पाकीट वर्गात येतं. दोन मुलांना पुढे बोलावून पाकीट कुठे फाटलेलं नाही, सील जसंच्या तसं आहे, हे दाखवायचं. त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच पाकीट फोडायचं. सील कशासाठी? वेळेआधी कुणी प्रश्न बघू नयेत म्हणून. पण वेळ झाली की पाकीट सगळ्यांसमोर उघडतं आणि ज्याची परीक्षा आहे त्याच्या हातात प्रश्न पडतो. प्रश्न न दाखवताच ‘तू नापास’ असं कुणी म्हटलं, तर त्याला परीक्षा कोण म्हणेल?

२०२२ साली आपल्या देशात एका टीव्ही चॅनेलच्या बाबतीत जवळपास असंच झालं. केरळच्या किनाऱ्यावरच्या कोझिकोड शहरातून चालणारं ‘मीडिया वन’ हे मल्याळम वृत्तवाहिनीचं प्रक्षेपण सरकारी आदेशाने बंद झालं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, राष्ट्रीय सुरक्षा. नेमकं काय केलं म्हणून? ते सांगता येणार नाही. ते कारण एका पाकिटात होतं, पाकीट न्यायाधीशांच्या टेबलावर होतं, आणि ज्यांचं चॅनेल बंद पडलं त्यांना ते उघडून बघायची मुभा नव्हती.

५ एप्रिल २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने हा आदेश रद्द केला. बातमी आली, आपल्याकडे व्हॉट्सॲपवर दोन दिवस फिरली, मुबारकबाद देऊन झाली आणि विषय संपला. पण आम्हाला वाटतं, हा निकाल नीट समजून घ्यायचा राहूनच गेला. तो एका चॅनेलपुरता नाही. रेशन कार्डापासून पासपोर्टापर्यंत ज्याचं ज्याचं काम सरकारी कागदावर अडलेलं असतं, त्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे. म्हणून ही कहाणी जरा मुळापासून सांगतो.

छापखान्यांचा किनारा

कोझिकोड म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलं कालिकत. १४९८ साली वास्को द गामा ज्या किनाऱ्याला लागला ते शहर. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून अरब व्यापारी तिथे येत होते. झामोरिन राजाच्या दरबारात त्यांना मान होता. मलबारचे मुसलमान, ज्यांना मापिळा म्हणतात, ते याच व्यापारी नात्यातून वाढले. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरच्या मुसलमानांना ही गोष्ट फार परकी वाटणार नाही. समुद्र तोच आहे.

या शहराची दुसरी ओळख म्हणजे वर्तमानपत्रं. ‘मातृभूमी’ हे मल्याळममधलं मोठं दैनिक १९२३ साली इथेच सुरू झालं. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९२४ मध्ये, काँग्रेसचे नेते मोहम्मद अब्दुरहमान साहेब यांनी ‘अल-अमीन’ काढलं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला हा माणूस. त्यांचं वर्तमानपत्र स्वातंत्र्य चळवळीची बाजू घेत होतं, म्हणून इंग्रज सरकारचा त्यावर डोळा होता. १९३९ मध्ये ते बंद पाडण्यात आलं.

त्याही आधीचं एक उदाहरण केरळात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. वक्कम अब्दुल कादिर मौलवी यांनी १९०५ साली त्रावणकोर संस्थानात ‘स्वदेशाभिमानी’ सुरू केलं. मालक मौलवी आणि संपादक रामकृष्ण पिल्लै. पिल्लै यांनी संस्थानच्या दिवाणाच्या कारभारावर सडकून टीका केली. १९१० च्या सप्टेंबरमध्ये छापखाना जप्त झाला आणि संपादकाला संस्थानाबाहेर हाकलून दिलं. मौलवी साहेबांनी आपल्या संपादकाला कधी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. पैसा आपला आणि कलम त्याची, असा त्यांचा हिशेब होता. छापखाना गेला, पण आज शंभर वर्षांनंतर केरळात पत्रकारितेची गोष्ट निघाली की या दोघांची नावं एकत्रच घेतली जातात.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे ‘मीडिया वन’ आकाशातून पडलेलं नाही. त्याच्यामागे छापखान्यांची मोठी परंपरा आहे. १९८७ साली कोझिकोडमध्ये ‘माध्यमम्’ नावाचं दैनिक निघालं. नाव ऐकलंत? आपण मराठीत ‘प्रसारमाध्यम’ म्हणतो त्यातलंच ‘माध्यम’. जमाते इस्लामी हिंदच्या केरळमधल्या मंडळींच्या पुढाकारातून हे दैनिक उभं राहिलं. पण ते फक्त जमातवाल्यांनी वाचायचं पत्रक म्हणून चाललं नाही. दलित, आदिवासी, पर्यावरण, विस्थापित अशा विषयांना त्यात जागा मिळाली. आखातात गेलेल्या मल्याळी कामगारांपर्यंत ते पोहोचलं. रोजचं वर्तमानपत्र पंचवीस वर्षं चालवून हात बसला आणि मग त्याच घरातून टीव्हीचं पाऊल पडलं.

चॅनेलचा गळा कुठे असतो?

वर्तमानपत्र काढायचं तर नोंदणी लागते, पण सरकारचा परवाना लागत नाही. छापखाना आपला, कागद आपला, सायकलवरचा पोऱ्या आपला. टीव्हीचं तसं नाही. स्टुडिओतलं चित्र आधी जमिनीवरून उपग्रहाकडे पाठवावं लागतं, त्याला अपलिंकिंग म्हणतात. मग ते उपग्रहावरून खाली उतरवून केबलवाल्यापर्यंत आणि डिशपर्यंत आणायचं, ते डाउनलिंकिंग. दोन्हींसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते आणि त्याआधी गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी. म्हणजे हजारो घरांत दिसणाऱ्या चॅनेलचा गळा दिल्लीतल्या दोन टेबलांवर असतो. एक सही थांबली की आवाज थांबला.

मध्यमम ब्रॉडकास्टिंग लिमिटेड या कंपनीने २०१० मध्ये अर्ज केला. फेब्रुवारी २०११ मध्ये गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी दिली आणि ३० सप्टेंबर २०११ रोजी दहा वर्षांची परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये चॅनेल प्रत्यक्ष सुरू झालं.

तेव्हा मल्याळम टीव्हीचा बाजार भरलेला होता. ‘एशियानेट’ १९९३ पासून होतं, डाव्यांच्या बाजूचं ‘कैरली’ २००० पासून. २००३ साली मुस्लिम लीगचे नेते एम. के. मुनीर यांच्या पुढाकाराने ‘इंडियाव्हिजन’ हे मल्याळममधलं पहिलं चोवीस तासांचं वृत्त चॅनेल आलं. त्याने केरळच्या राजकारणाला हादरे दिले, स्वतः लीगलाही सोडलं नाही. पण पैशाचं गणित जमलं नाही, पगार थकले आणि २०१५ मध्ये पडदा पडला. बातमी उत्तम आणि तिजोरी रिकामी असेल, तर काय होतं ते या उदाहरणात दिसतं.

‘मीडिया वन’ टिकलं, कारण त्याच्यामागे दैनिकाचा अनुभव होता, आखाती प्रेक्षक होता आणि माणसं निवडताना नाव-आडनाव बघितलं गेलं नाही. सरकारशी लढाई झाली तेव्हा संपादक होते प्रमोद रमण. पुन्हा तीच वक्कम मौलवींची रीत. मालकी एका समाजातल्या लोकांची, आणि बातमीची खुर्ची ज्याला बातमी कळते त्याची.

आधी अठ्ठेचाळीस तास

फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीत दंगल झाली. ‘मीडिया वन’ आणि ‘एशियानेट न्यूज’ यांचे वार्ताहर तिथून बातम्या देत होते. ६ मार्च २०२० च्या संध्याकाळी दोन्ही चॅनेलांवर ४८ तासांची बंदी आली. ‘मीडिया वन’बद्दलच्या आदेशात जे आक्षेप होते, त्यांतला एक असा की चॅनेल दिल्ली पोलीस आणि रा. स्व. संघ यांच्यावर टीका करतंय असं दिसतं. पोलिसांनी वेळेवर काम केलं नाही असा प्रश्न विचारणं हाच गुन्हा ठरला.

देशभर ओरड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दोन्ही चॅनेलांवरची बंदी उठली. पण त्या आदेशाबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी, त्यात कारण लिहिलेलं होतं. कारण लिहिलेलं होतं म्हणूनच लोकांना ते वाचता आलं, त्यावर हसता आलं, चिडता आलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढच्या वेळी कारणच लिहिलेलं नव्हतं.

उत्तर द्या, पण प्रश्न विचारू नका

दहा वर्षांची परवानगी सप्टेंबर २०२१ मध्ये संपत होती. कंपनीने मे महिन्यातच नूतनीकरणाचा अर्ज केला. २९ डिसेंबर २०२१ रोजी गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली. ५ जानेवारी २०२२ ला कारणे दाखवा नोटीस आली. तिचा अर्थ एवढाच, की गृह मंत्रालयाने मंजुरी नाकारली आहे, तेव्हा तुमची परवानगी रद्द का करू नये ते सांगा.

आता सांगणार काय? मंजुरी का नाकारली हेच माहीत नाही. कंपनीने उत्तर दिलं की कारण आम्हाला कळवलेलंच नाही, तर बाजू कशी मांडायची? ३१ जानेवारी २०२२ रोजी परवानगी रद्द झाली आणि पडदा काळा पडला.

आमच्या दहावीच्या मुलाला गणितात दोन मार्क कमी पडले तर तो फी भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतो. परीक्षकाने कुठे लाल रेघ मारली ते बघतो आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला जो हक्क आहे, तो शेकडो लोकांचा रोजगार असलेल्या आणि लाखो लोक बघत असलेल्या चॅनेलला नव्हता.

त्याच दिवशी केरळ हायकोर्टाने तात्पुरती स्थगिती दिली. सरकारने सीलबंद पाकिटात फाईल सादर केली. ती वाचून ८ फेब्रुवारीला एकसदस्यीय पीठाने याचिका फेटाळली आणि चॅनेल पुन्हा बंद पडलं. अपील झालं. २ मार्चला खंडपीठानेही ते फेटाळलं. या खंडपीठाच्या निकालातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रकरणाचं स्वरूप, त्याचं गांभीर्य आणि खोली फाईलवरून स्पष्ट होत नाही, हे न्यायाधीशांनी स्वतःच मान्य केलं. तरीसुद्धा सार्वजनिक सुव्यवस्था आणि सुरक्षेचा प्रश्न असल्याच्या खुणा दिसतात, असं म्हणून निर्णय सरकारच्या बाजूने गेला.

म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप माहीत नाही, आणि जो न्याय करतोय त्याला आरोप किती मोठा ते फाईलवरून कळत नाही. मग ठरलं कशावरून? ‘राष्ट्रीय सुरक्षा’ या दोन शब्दांच्या वजनावरून.

१५ मार्चला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश देऊन चॅनेल सुरू करायला परवानगी दिली. ८ फेब्रुवारी ते १५ मार्च हे झाले पस्तीस दिवस. पस्तीस दिवस बातमी नाही म्हणजे जाहिरात नाही, आणि प्रेक्षकाचा रिमोट दुसऱ्या नंबरवर जाऊन बसलेला.

पाकीट उघडलं तेव्हा

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांच्या पीठाने ५ एप्रिल २०२३ ला निकाल दिला. निकालाआधी त्यांनी पाकिटातली कागदपत्रं वाचली आणि निकालपत्रात त्यातला आवश्यक भाग उघड लिहिला. तेव्हा जगाला कळलं की एवढं गुपित काय होतं.

गुप्तचर विभागाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. चॅनेल यूएपीए कायद्यावर टीका करतं. लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या अफ्स्पावर, चकमकींवर, सरकारच्या विकास प्रकल्पांवर, सीएए आणि एनआरसीवर टीका करतं. म्हणजे त्याची भूमिका व्यवस्थाविरोधी आहे. शिवाय त्याचे संबंध जमाते इस्लामी हिंदशी आहेत.

यातलं एकसुद्धा गुपित नव्हतं! जे चॅनेल रोज रात्री लाखो घरांत दिसतं, ते काय बोलतं हे कळायला गुप्तहेर कशाला हवा? कोर्टानेही नेमकं हेच म्हटलं. हे सगळे निष्कर्ष उघड उपलब्ध असलेल्या माहितीवरून काढलेले आहेत, तेव्हा ते लपवून ठेवण्याचं काही कारण नव्हतं.

जमातचा मुद्दाही कोर्टाने तपासला. ही संघटना बंदी घातलेली नाही. मग बंदी नसलेल्या संघटनेशी नातं असल्यामुळे देशाच्या सुरक्षेला धोका कसा पोहोचतो? आणि भागधारकांचे तसे संबंध दाखवणारा पुरावाही फाईलमध्ये नव्हता.

जाणत्या वाचकांना इथे एक जुनी गोष्ट आठवेल. बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर डिसेंबर १९९२ मध्ये केंद्राने ज्या संघटनांवर बंदी घातली त्यांत जमाते इस्लामी हिंदही होती. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९४ मध्ये, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठाने ती बंदी टिकू दिली नाही. तेव्हाही मुद्दा हाच होता, की सरकारी अधिकारी ऐकीव माहितीवर म्हणतोय तेवढ्यावरून भागत नाही, पुरावा तोलून बघावा लागतो. तीस वर्षांच्या अंतराने तोच धडा पुन्हा गिरवावा लागला.

निकालातली मुख्य सूत्रं आमच्या समजुतीप्रमाणे अशी आहेत. सरकारच्या धोरणावर टीका म्हणजे देशविरोध नव्हे, आणि स्वतंत्र वृत्तमाध्यमं लोकशाहीला लागतातच. राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून कोर्ट आपोआप हात जोडून बसणार नाही. सुरक्षेचा प्रश्न खरोखर आहे का, आणि त्यासाठी समोरच्याला कारण न सांगणं गरजेचं होतं का, या दोन्ही गोष्टी सरकारला पटवून द्याव्या लागतील. आणि एखादी गोष्ट खरोखरच गुप्त ठेवायची असेल, तर पाकिटापेक्षा कमी अन्यायाचा मार्ग शोधावा लागेल. त्यासाठी कोर्टाने न्यायमित्र नेमण्याची पद्धत सांगितली. न्यायमित्र आधी संबंधित पक्षाला भेटून त्याची बाजू समजून घेईल, मग गुप्त कागद बघेल आणि ते खरंच लपवायला हवेत का यावर कोर्टापुढे युक्तिवाद करेल.

चार आठवड्यांत परवानगीचं नूतनीकरण करा, असा आदेश झाला.

या निकालाच्या पंधरा दिवस आधी, २० मार्च २०२३ रोजी, माजी सैनिकांच्या ‘वन रँक वन पेन्शन’च्या सुनावणीत सरकारी वकिलांनी असंच पाकीट पुढे केलं होतं आणि सरन्यायाधीशांनी ते घ्यायला नकार दिला होता. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. पाकिटाचा त्रास फक्त मुसलमानांना होतो असा समज करून घेऊ नका. पेन्शनसाठी वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या फौजीलाही त्याचा तेवढाच त्रास होतो.

निकालाने काय दिलं नाही

खुशी मनवताना हिशेबही चोख हवा. सुरक्षा मंजुरीची पद्धत निकालाने रद्द केलेली नाही. दिल्लीतली ती दोन टेबलं जागेवरच आहेत. गुप्त कागद ही गोष्टही संपलेली नाही. न्यायमित्राने कागद बघितल्यावर तो संबंधित पक्षाशी बोलू शकत नाही, म्हणजे काही प्रकरणांत कारण अंधारातच राहू शकतं.

दुसरी गोष्ट खर्चाची. ३१ जानेवारी २०२२ पासून ५ एप्रिल २०२३ पर्यंत चौदा महिने. या काळात देशातले नामांकित वकील उभे करावे लागले. मोठ्या संस्थेला हे झेपलं. तालुक्याच्या गावातून यूट्यूबवर चॅनेल चालवणारा आपला एखादा पोरगा असता तर? त्याच्यापर्यंत सुप्रीम कोर्टाचा निकाल पोहोचण्याआधी त्याचा कॅमेरा विकला गेला असता.

तिसरी गोष्ट भीतीची. एकदा चॅनेल बंद पडलेलं बघितलं की बाकीचे आपोआप जपून बोलायला लागतात. ‘ती बातमी राहू दे, उगाच कशाला’ हे वाक्य कुठल्याही सरकारी आदेशात लिहिलेलं नसतं, पण ते न्यूजरूममध्ये रोज बोललं जातं. त्याच्यावर कुठल्या कोर्टात अपील करणार?

मतभेद असूनही सोबत

काही वाचक म्हणतील, चॅनेल एका विशिष्ट विचाराच्या लोकांचं आहे, आमचा त्या विचाराला विरोध आहे, मग आम्ही का बोलावं? प्रश्न रास्त आहे. केरळातल्या मुसलमानांमध्येही जमातशी मतभेद असणारे भरपूर आहेत. तिथली मोठी उलेमा संघटना वेगळी, मुजाहिद चळवळ वेगळी, लीगचं राजकारण वेगळं. डावे पक्ष तर जमातवर उघड टीका करतात.

तरीही चॅनेल बंद झालं तेव्हा मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी विरोध केला, विरोधी पक्षातल्या काँग्रेसने केला आणि लीगनेही केला. केरळच्या पत्रकार संघटनेने स्वतः कोर्टात जाऊन दार ठोठावलं. रोज एकमेकांचे कपडे फाडणारे लोक त्या दिवशी एका बाजूला उभे होते. कारण त्यांना कळत होतं, आज पाकीट याच्या नावाचं आहे, उद्या त्यावर आपलं नाव असेल.

चॅनेलने चुकीची बातमी दिली, भडकावू बोललं, तर त्यासाठी कायदा आहे. कार्यक्रम संहिता आहे, बदनामीचा दावा आहे, गुन्हा नोंदवता येतो. पण या सगळ्यात आरोप समोर ठेवावा लागतो, म्हणजे समोरच्याला उत्तर देता येतं.

आपण काय शिकायचं?

आम्ही रोज उर्दू वाचतो आणि मराठीत शिकवतो. दोन्ही भाषांतल्या आपल्या लोकांशी बोलताना एक तक्रार नेहमी ऐकू येते, ‘मीडिया आपल्या विरोधात आहे.’ असेल. पण केरळच्या लोकांनी १९०५ पासून तक्रारीच्या जोडीने छापखाने चालवले. एक जप्त झाला की दुसरा उभा केला. संपादकाची खुर्ची लायक माणसाला दिली. आपल्या समाजाच्या पलीकडच्या गरीब आणि दुबळ्या माणसांच्या बातम्या दिल्या, म्हणून वेळ आली तेव्हा ती माणसंही सोबत उभी राहिली.

आपल्याकडे मराठी बोलणारा मुसलमान कोकणात आहे, मराठवाड्यात आहे, पश्चिम महाराष्ट्रात आहे. त्याच्या रोजच्या जगण्याची बातमी त्याच्याच भाषेत किती येते? आपण जलशाला वर्गणी देतो, मुशायऱ्याला देतो, दावतीला तर हात सैल सोडतो. वर्तमानपत्राची वार्षिक वर्गणी म्हटली की मात्र हात आखडता होतो. पत्रकारितेच्या कोर्सला पोराला पाठवायचं म्हटलं की घरचे म्हणतात, त्यापेक्षा डी.एड. कर. (आम्ही स्वतः शिक्षक आहोत, म्हणून हे बोलायचा आम्हाला थोडा हक्क आहे.)

दुसरी गोष्ट आजपासून करता येण्यासारखी. एखाद्या कचेरीत अर्ज फेटाळला गेला, शिष्यवृत्ती अडली, दाखला नाकारला, तर साहेबांचं तोंडी ‘नाही’ ऐकून घरी येऊ नका. लेखी कारण मागा. पोच घ्या, तारीख टाका, झेरॉक्स जपून ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘मीडिया वन’ची सगळी लढाई या एका मागणीवर उभी होती, की आम्हाला कारण सांगा. कारण कळवलेलंच नाही, हे त्या चॅनेलने पहिल्या नोटिशीच्या उत्तरातच लेखी नोंदवलं होतं.

आमच्या वर्गात एखादं पोर उभं राहून विचारतं, ‘सर, मला शिक्षा का?’ खरं सांगायचं तर त्या क्षणी राग येतो. वाटतं, उलट बोलतोय. पण मग उत्तर शोधायला लागलं की कधीकधी कळतं, आपल्याकडे सांगण्यासारखं कारणच नाही. तेव्हा शिक्षा मागे घ्यावी लागते. पोराला त्याने आपण काय मिळवलं हे त्या वयात कळत नाही. ते नुसतं खाली बसतं आणि पुढचा धडा सुरू होतो.

पुढच्या वर्षी परीक्षेचं पाकीट वर्गात येईल, तेव्हा सही करायला पुढे येणाऱ्या दोन मुलांना आम्ही ही कोझिकोडची गोष्ट सांगणार आहोत. सही का करायची, ते त्यांना माहीत असलं पाहिजे.